टीममधला स्टार ऐकेनासा झाला तर काय करायचं? बेसबॉलच्या मॅनेजर लोकांकडून घेण्यासारखं

हे मी खास करून आपल्या मराठवाड्यात सॉफ्टबॉल-बेसबॉलच्या टीम सांभाळणाऱ्या पीटी सर-मॅडमसाठी लिहायलोय, पण कबड्डी, खोखोवाल्यांनी वाचलं तरी चालेल कारण दुखणं सगळ्यांचं एकच आहे. टीममध्ये एक पोरगा असतो जो एकटा मॅच काढून देतो, अन् तोच प्रॅक्टिसला उशिरा येतो, तोच कॅच सोडणाऱ्याला सगळ्यांसमोर शिव्या देतो, तोच अंपायरच्या अंगावर जातो, अन् बोलावं तर दुसऱ्या दिवशी घरी बसतो. मग हेडसर विचारतात जिल्ह्याला काय करणार, त्याचा चुलता संस्थेत असतो तो फोन करतो, आणि आपण मधात अडकतो.

बेसबॉलमध्ये मुख्य कोचला मॅनेजर म्हणतात. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, तो खेळाडूंसारखाच युनिफॉर्म घालून डगआउटमध्ये (मैदानाशेजारच्या टीमच्या बसायच्या जागेत) बसतो, कोण खेळणार, कितव्या नंबरला बॅटिंग करणार, पिचर (बॉल टाकणारा) कधी बदलायचा हे सगळं तोच ठरवतो. पण खेळाडू घेणं, सोडणं, त्याचा करार, हे त्याच्या हातात नसतं, ते जनरल मॅनेजर अन् मालक बघतात. स्टारचा पगार मॅनेजरपेक्षा कितीतरी जास्त, करार पाच-सात वर्षांचा, आणि दोघांचं वाजलं तर घरी मॅनेजरच जातो. त्यात सीझन १६२ मॅचचा, जवळपास रोज मॅच, रोज तेच तोंड बघायचं. म्हणजे हाती अधिकार थोडा अन् जबाबदारी सगळी, आपल्यासारखंच. म्हणून या लोकांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे, कुणाचं जमलं, कुणाचं सपशेल फसलं.

एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यावरच आहे. स्टारसोबतचं भांडण तुम्हाला जिंकायचंच नाहीये. बाकीची जी पंधरा लेकरं गप बसून बघायलीत ना, त्यांचा तुमच्यावरचा विश्वास राहिला पाहिजे. ते काही बोलत नाहीत, पण त्यांना सगळं कळतं, सर कुणाला काय बोलले अन् कुणाला काय बोलले नाहीत.

आधी कारण काढा

पोरगा चार दिवस आला नाही की आपल्या तोंडात पहिला शब्द "माजलाय" हाच येतो. थांबा जरा.

झॅक ग्रिंकी नावाचा कॅन्सस सिटी रॉयल्सचा पिचर होता, लई हुशार, २००६ च्या सीझनआधीच्या सरावातूनच निघून गेला. बाहेरून बघणाऱ्याला वाटणार पोरगं नखरे करायलंय. पण त्याला डिप्रेशन अन् लोकांत वावरायची भयंकर भीती, असा आजार निघाला. टीमने त्याला सुट्टी दिली, उपचार घेऊ दिले, मग खालच्या लीगमधून हळूहळू परत आणलं, मध्ये काही काळ बुलपेनमधून, म्हणजे मॅचच्या मधात येणारा बदली पिचर म्हणून, थोड्या थोड्या इनिंग टाकायला लावल्या. २००९ मध्ये तोच ग्रिंकी अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांतला एक, दुसरा नॅशनल लीग) सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला, २.१६ च्या ईआरएने, म्हणजे दर ९ इनिंगला सव्वादोन रनही दिले नाहीत. २००६ मध्ये कुणी त्याला "माजलाय" म्हणून हाकललं असतं तर?

दुसरं उदाहरण गॅरी टेम्पलटनचं, सेंट लुईस कार्डिनल्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या अन् तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर). ऑगस्ट १९८१ मध्ये घरच्याच मैदानावर प्रेक्षकांना अश्लील हातवारे केले, अन् मॅनेजर व्हाइटी हर्झोगने त्याला डगआउटच्या पायऱ्यांवरून धरून खाली ओढलं, सगळ्यांदेखत. दंड झाला, निलंबन झालं, अन् नंतर कळलं की त्यालाही डिप्रेशन होतं, दवाखान्यात भरती करावं लागलं. हातवारे चुकीचेच होते, त्यावर वाद नाही. पण आजारी माणसाला शिस्त लावून आजार बरा होत नसतो.

आता आपल्याकडचं बघा. शालेय स्पर्धा अन् सोयाबीनची काढणी एकाच टायमाला येतात. दसऱ्याच्या आगेमागे ग्राउंडवर पोरं कमी दिसायला लागतात. बीड, केज, धारूरकडच्या कितीतरी लेकरांचे आईबाप दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला कारखान्यावर जातात, मागे पोरगं आजीजवळ राहतं, घरचं पाणी भरतं, जनावरं बघतं अन् मग शाळेत येतं. ते उशिरा आलं तर त्याला सगळ्यांसमोर ग्राउंडचे पाच राउंड मारायला लावणार का?

आणि पोरं स्वतःहून सांगत नाहीत. आमच्या भागातला एक पिचर असाच गायब झाला होता, आला तेव्हा मी विचारलं, बाळा कुठं व्हतास? म्हणे घरीच. घरी काय करायलास? काय नाय सर. बास, एवढंच. मग प्रॅक्टिस संपल्यावर सगळे गेले, आम्ही दोघंच बॉल गोळा करायलो, तो खाली बघतच म्हणाला, "मळणीयंत्र आलं व्हतं सर, माणूस मिळंना, अन् आबांची कंबर धरलीय." समोरासमोर उभं करून विचारलेलं पोरगं गप्पच बसतं, हाताला काम असलं की बोलतं. म्हणून चौकशी करायची तर बॉल गोळा करताना, बेस उचलताना, फक्की टाकताना करा, ऑफिसात बोलवून नाही.

आता बाकीच्या पोरांना काय सांगायचं? त्यांना वाटायलंय की याला सूट मिळाली. त्याच्या घरचं गावभर करायची गरज नाही. एवढंच सांगायचं, "याला मी चार दिवस परवानगी दिलती, तुमच्या घरी काम असलं तर तुम्हीपण आधी येऊन सांगा, तुम्हालाही देईन." आणि खरंच द्यायची. नियम सगळ्यांना एकच राहिला अन् पोराची इज्जतपण राहिली.

वरच्यांना आधी बांधून घ्या

समजा कारण बिरण काही नाही, पोरगं खरंच शेफारलंय. तर त्याला हात लावायच्या आधी वर जाऊन बोलून या.

हे १९२५ चं सांगतो. बेब रूथ, न्यूयॉर्क यांकीजचा, त्या काळात अख्ख्या अमेरिकेत त्याच्याएवढा मोठा खेळाडू दुसरा नाही. मॅनेजर मिलर हगिन्स, बुटका, किरकोळ अंगाचा माणूस. रूथ रात्र-रात्र बाहेर, वेळेचं भान नाही, अन् हगिन्सला तर मोजतच नव्हता. ऑगस्टमध्ये सेंट लुईसला असताना रूथ मैदानावर उशिरा आला तेव्हा हगिन्सने सांगितलं, कपडे बदलायची गरज नाही, ५,००० डॉलर दंड अन् निलंबन. १९२५ सालचे ५,००० डॉलर बरं का. रूथ चिडून पेपरवाल्यांकडे गेला, एकतर हा राहील नाहीतर मी म्हणून सांगत सुटला. पण मालक जेकब रूपर्ट अन् कारभार बघणारा एड बॅरो दोघंही हगिन्सच्या मागं उभे राहिले. रूथला परत यायच्या आधी माफी मागावी लागली. पुढच्या वर्षी त्याने .३७२ च्या सरासरीने (म्हणजे हजार वेळा बॅटिंगला ३७२ हिट या हिशोबाने) ४७ होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखे) मारले, अन् १९२७ मध्ये ६०.

इथं दंडापेक्षा मालकाचं मागं उभं राहणं महत्त्वाचं. तिथं मालकाने पाय मागं घेतला असता तर हगिन्सची त्याच दिवशी वाट लागली असती. ते उदाहरणपण आहे, २०१० चं. फ्लोरिडा मार्लिन्सचा हॅन्ली रामिरेझ, आदल्याच वर्षीचा नॅशनल लीगचा बॅटिंग चॅम्पियन. मे महिन्यात एका मॅचमध्ये त्याच्या पायाला लागून बॉल लांब गेला अन् तो त्याच्यामागं आरामात जॉगिंग करत गेला, तोवर रन निघाले. मॅनेजर फ्रेडी गोन्झालेझने त्याला मॅचमधून काढलं, दुसऱ्या दिवशीही बसवलं. हॅन्ली उलट बोलला की याला काय माहीत, हा तर कधी मेजर लीग खेळलाच नाही. गोन्झालेझचं चुकलं असं मला वाटत नाही, अन् बरेच खेळाडूही त्याच्याच बाजूने होते. पण महिनाभरातच जूनमध्ये गोन्झालेझची नोकरी गेली. नोकरी जायची कारणं अजूनही असतील, पण बाकीच्या टीमने त्यातून काय समजायचं ते समजलंच असणार.

म्हणून जून-जुलैमध्ये टीम निवडली की हेडसरांकडे बसा. तीनच नियम कागदावर लिहा, जास्त नको, जास्त नियम कुणी पाळत नसतं अन् तुम्हालाही ते लक्षात राहत नाहीत. वेळेवर यायचं, नाही जमलं तर आधी सांगायचं. सोबतच्या खेळाडूला अन् अंपायरला शिवी नाही. बॉल मारला की बेसपर्यंत पळायचंच, आउट दिसत असलं तरी. खाली लिहा की हे मोडलं तर किती इनिंग बाहेर बसणार. हेडसरांना सरळ विचारा, "सर, हाच पोरगा बाहेर बसला अन् आपण जिल्ह्याला हरलो, तर तुम्ही माझ्या बाजूने राहणार का?" नाही म्हणले तर तेही आत्ताच कळालेलं बरं, मग जेवढं झेपतं तेवढेच नियम ठेवा. मोडता येईल असा नियम ठेवण्यापेक्षा तो न ठेवलेला बरा.

चारचौघात की बाजूला घेऊन

यात सगळ्यात जास्त चुकतं. दोन प्रसंग सांगतो, दोन्हीत मॅनेजरने आउटफिल्डमधल्या स्टारला चालू मॅचमधून काढलं, अन् कारणही एकच, पळाला नाही.

पहिला १८ जून १९७७ चा, बोस्टनचं फेनवे पार्क, मॅच देशभर टीव्हीवर चालू. यांकीजचा रेजी जॅक्सन उजव्या आउटफिल्डमध्ये, त्याला मालक जॉर्ज स्टाइनब्रेनरने मोठे पैसे मोजून आणलेलं. जिम राइसने मारलेल्या बॉलवर रेजी रमतगमत गेला असं मॅनेजर बिली मार्टिनला वाटलं, त्याने इनिंग चालू असतानाच त्याच्या जागी पॉल ब्लेअरला पाठवून दिलं. रेजी आत आला, हात पसरून विचारायला लागला मी काय केलं, अन् मार्टिन त्याच्या अंगावर धावला. कोच लोकांनी, त्यात योगी बेरा अन् एल्स्टन हॉवर्ड, धरून ठेवला म्हणून मारामारी झाली नाही. टीव्हीचा कॅमेरा थेट डगआउटवर.

आता लोक म्हणतात त्या वर्षी यांकीज वर्ल्ड सिरीज (सीझनच्या शेवटची फायनल) जिंकले की, रेजीने सहाव्या मॅचमध्ये सलग तीन बॉलवर तीन होमरन मारले की. मारले, खरंय. पण दोघांमधलं मिटलं नाही. पुढच्या जुलैमध्ये रेजीने मॅनेजरची साइन (खूण) नसताना बंट (बॅटने बॉल हळूच पुढं ढकलणं) करायचा हट्ट धरला, त्याचं पाच दिवस निलंबन झालं, अन् त्यानंतर आठवडाभरात मार्टिनलाच राजीनामा द्यावा लागला. त्याच्या जागी बॉब लेमन आला, शांत माणूस, आरडाओरड नाही. जुलैच्या मधात १४ गेमने मागं असलेली टीम परत वर्ल्ड सिरीज जिंकली, खेळाडू जवळपास तेच.

दुसरा प्रसंग ३० जुलै १९६९, न्यूयॉर्क मेट्स. मॅनेजर गिल हॉजेस, धिप्पाड गडी, पण आवाज चढवणारा नाही. त्या दिवशी दोन मॅच होत्या, पहिली वाईट हरलेली, दुसऱ्या मॅचमध्ये तिसऱ्याच इनिंगला ह्यूस्टनवाले रनावर रन काढायले. मैदान ओलं. डाव्या आउटफिल्डमध्ये क्लिऑन जोन्स, टीमचा सगळ्यात चांगला बॅटर. एक बॉल त्याच्या बाजूला गेला, तो निवांत गेला, अन् निवांतच परत फेकला. हॉजेस डगआउटमधून निघाला. सगळ्यांना वाटलं पिचरकडे चाललाय. पिचरला ओलांडून पुढं गेला. मग शॉर्टस्टॉप बड हॅरल्सनला वाटलं, आता मी मेलो. त्यालाही ओलांडलं. सरळ डाव्या आउटफिल्डपर्यंत चालत गेला, पळत नाही, हात हलवत नाही. तिथं दोघं बोलले, पायाबद्दल, ओल्या गवताबद्दल, पळता येत नसेल तर बाहेर आलेलं बरं असं. बोलण्याचा आवाज कुणालाही आला नाही. मग हॉजेस परत फिरला अन् जोन्स त्याच्यामागं चालत डगआउटमध्ये आला. बाहेर सांगताना पाय दुखायलाय हेच कारण सांगितलं.

बघा यात काय काय आहे. सगळ्या टीमला दिसलं, म्हणजे बाकीच्यांना जे कळायचं ते कळलं. पण ऐकू कुणालाच आलं नाही, म्हणून जोन्सचा पाणउतारा झाला नाही, अन् बाहेर पडायला त्याला पायाचं निमित्तही मिळालं. त्या वर्षी जोन्सची सरासरी .३४० आली. मेट्सने वर्ल्ड सिरीज जिंकली, अन् १६ ऑक्टोबरला शेवटच्या आउटचा कॅच गेला तो डाव्या आउटफिल्डमध्ये, जोन्सच्याच हातात.

आपण ग्राउंडच्या बाहेरून ओरडतो. स्टँडमध्ये त्याचा बाप बसलेला, गावातली पोरं बसलेली, दुसऱ्या शाळेच्या मुली बसलेल्या. सोळा-सतरा वर्षांच्या पोराला त्यांच्यासमोर बोललं की तो तुमचं ऐकतच नसतो, त्याच्या कानात फक्त त्यांचं हसणं जातं. म्हणून टाइम मागा, चालत जा, त्याच्या अगदी जवळ उभं राहा, पाठ स्टँडकडे करा. दोन वाक्यं बोला. "तू पळाला नाहीस. ही इनिंग तू बाहेर बस, पुढचं आपण मॅच झाल्यावर बोलू." मॅच झाल्यावर खरंच बोला, विसरू नका.

बाहेर कधी अन् किती बसवायचं

छोटं अन् लगेच. टॅम्पा बे रेजचा मॅनेजर जो मॅडन, २००८ चा ऑगस्ट, टीम पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजकडे निघालेली. सेंटर फिल्डर बी. जे. अप्टन, तेवीस वर्षांचा, मारल्यावर पळेना. मॅडनने एकदा बसवलं, दहाएक दिवसांत परत तेच झालं तर चालू मॅचमधून काढलं. मोठं भाषण नाही, जन्माचं वैर नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी परत लाइनअपमध्ये नाव. रेज वर्ल्ड सिरीजला पोचले अन् प्लेऑफपासून (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) पुढं अप्टनने ७ होमरन मारले. ब्रेव्हज टीमचा मॅनेजर बॉबी कॉक्स, त्यानेही आपल्या अँड्रू जोन्सला १९९८ मध्ये इनिंगच्या मधातच आत बोलवलं होतं, तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. त्याच वर्षापासून त्याने ओळीने १० गोल्ड ग्लव्ह (उत्तम फिल्डिंगचा पुरस्कार) घेतले.

पण इथं आपल्यात अन् त्यांच्यात एक मोठा फरक आहे, तो लक्षात न घेता नक्कल केली तर तोंडावर पडाल. त्यांना १६२ मॅच, आज बसवला तर उद्या खेळेल. आपली जिल्हा स्पर्धा नॉकआउट, एका-दोन दिवसांत खेळ खल्लास, हरलं की घरी. तिथं स्टारला बसवणं म्हणजे बाकीच्या लेकरांचीही वर्षभराची मेहनत पणाला लावणं. म्हणून आपलं शिस्तीचं काम प्रॅक्टिसमध्येच झालं पाहिजे. आठवड्याला आपसातल्या दोन मॅच ठेवा, त्यांचं स्कोअरशीट लिहा, निकाल बोर्डावर लावा, म्हणजे त्या मॅचला किंमत येते. बसवायचं ते तिथं बसवा. जो पोरगा ऑगस्टमध्ये आपसातल्या मॅचमध्ये बाहेर बसलाय तो ऑक्टोबरमध्ये जिल्ह्याला पहिल्या बेसपर्यंत पळतो. सॉफ्टबॉलला ते अंतर ६० फूट आहे, बेसबॉलला ९० फूट. तेवढं पळायला टॅलेंट लागत नाही, म्हणून नियम करायचा तर याच गोष्टीचा करावा.

स्टार बसल्यावर त्याच्या जागी जो खेळतो त्याचंपण बघा. तो पोरगा घाबरलेला असतो, त्याला वाटतं आता हरलो तर सगळे मलाच धरणार. त्याला आधीच सांगा, आज निकाल माझ्या नावावर, तू फक्त तुझ्याकडे आलेला बॉल बघ.

तुमच्याऐवजी दुसरा कुणी बोलू द्या

हॅन्ली रामिरेझच्या वेळेस गोन्झालेझचं त्याने ऐकलं नाही, पण टोनी पेरेझ अन् आंद्रे डॉसन, दोघं जुने दिग्गज, तेव्हा मार्लिन्सच्याच कामात होते, ते जाऊन बोलले. मग हॅन्लीने सोबतच्या खेळाडूंची माफी मागितली अन् परत खेळला. "तू खेळलाच नाहीस" हे वाक्य त्यांच्यासमोर चालतच नव्हतं.

आपल्याकडे असा माणूस प्रत्येक तालुक्यात आहे. राज्य खेळून आलेला, आता पोलिसात नाहीतर फौजेत लागलेला, सुट्टीला गावी येतो तेव्हा ग्राउंडवर चक्कर मारतो. पोरं त्याला दादा म्हणतात, त्याच्या बुटाकडे बघत राहतात. त्याला आधी बाजूला घेऊन सगळं सांगा अन् म्हणा, अर्धा तास या पोरासोबत बॉल टाक. उपदेश कर म्हणू नका. त्याला जे बोलायचं ते तो बरोबर बोलतो. अन् तुम्ही तिथं थांबू नका, तुम्ही थांबलात की ते ठरवून केल्यासारखं होतं.

ढिला पडलेला अन् घाबरलेला, दोन्ही वरून सारखेच दिसतात

विली मेज १९५१ मध्ये वीस वर्षांचा, जायंट्सकडे नवाच आलेला, पहिल्या २६ वेळांत एकच हिट, तोही होमरन. रडायला लागला, मला परत खालच्या लीगमध्ये पाठवा म्हणाला. मॅनेजर लिओ ड्यूरोशर, तोंडाने लई फटकळ माणूस म्हणून प्रसिद्ध, पण त्याने याला जवळ घेऊन सांगितलं की मी आहे तोवर सेंटर फिल्डर तूच. त्या वर्षीचा नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवा खेळाडू मेजच ठरला. आपल्या पोरांमध्येपण चिडचिड, उलट उत्तरं, बॅट आपटणं हे पुष्कळदा हिट निघत नाही म्हणून असतं. तिथं शिक्षा नको, जागा पक्की आहे हा शब्द द्या.

आणि बॅटिंग ऑर्डरचा कागदपण बोलतो बरं. २००६ च्या प्लेऑफमध्ये जो टोरीसारख्या चार वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या मॅनेजरने ॲलेक्स रॉड्रिगेझला, आदल्या वर्षीच्या एमव्हीपीला (सर्वोत्तम खेळाडूला), आठव्या नंबरला टाकलं. यांकीज ती मॅच हरून बाहेर पडले, अन् त्या आठव्या नंबरची चर्चा वर्षानुवर्षं चालली. ऑर्डर बदलायची असेल तर कागद लावायच्या आधी पोराला एकट्याला सांगा, का बदललं तेही सांगा.

सगळंच मिटवायची गरज नाही

ओरिओल्सचा मॅनेजर अर्ल वीव्हर अन् त्याचा पिचर जिम पामर वर्षानुवर्षं एकमेकांवर खेकसत राहिले, पेपरमध्येसुद्धा. पामरने आठ सीझनमध्ये, दर सीझनला, २० किंवा त्याहून जास्त मॅच जिंकल्या, तीन साय यंग घेतले, अन् दोघंही हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत) आहेत. त्यांचं प्रेम नव्हतं पण कामाचं दोघांना कळत होतं. पोरगं तुमच्याशी गोड बोलत नाही, नमस्कार करत नाही, केस वाढवतो, बूट भारीतले घालतो, याकडे बघू नका. तीन नियमांत बसतं का, एवढंच बघा. आपल्याला मान दिला नाही म्हणून जी शिस्त लावली जाते ती पोरं लगेच ओळखतात.

जे चालवून घ्यायचं नाही ते मात्र बारक्या पोरांना होणारा त्रास. मॅनी रामिरेझच्या (वरचा हॅन्ली वेगळा) वागण्याकडे त्याच्या बोस्टन रेड सॉक्स टीमने वर्षानुवर्षं कानाडोळा केला, मॅनेजर टेरी फ्रँकोनाने सांभाळून घेतलं, अन् २००४ ची वर्ल्ड सिरीज जिंकताना एमव्हीपी मॅनीच होता. पण २००८ मध्ये त्याने तिकिटांवरून टीमच्या प्रवासाची व्यवस्था बघणाऱ्या वयस्कर कर्मचाऱ्याला ढकलून पाडलं. नंतर अजून कुरबुरी झाल्या अन् ३१ जुलैला त्याला डॉजर्सकडे पाठवून दिलं. तिकडं जाऊन त्याने .३९६ ने मारलं, म्हणजे खेळात काही कमी नव्हतंच. तरी सोडला. आपल्याकडेही स्टार आठवीतल्या पोरांकडून बॅग उचलून घेतो, पाणी आणायला लावतो, मारतो. हे दिसलं की जिल्हा असो का विभाग, त्याच दिवशी थांबवायचं, अन् परत झालं तर टीममधून काढायचं. त्या आठवीच्या पोराने खेळ सोडला तर तो तुम्हाला सांगून सोडत नसतो, यायचाच बंद होतो.

काढायची वेळ आलीच तर आधी त्याच्या घरी जा, पोराला निरोप देऊन मोकळे होऊ नका. बाप चिडलेला असतो, "सर, माझ्या पोराशिवाय तुमची टीम हाय का?" म्हणतो. वाद घालू नका. म्हणा, "दादा, पोरगं तुमचं लई गुणी आहे, त्याच्याशिवाय टीम कमजोरच होणार, तरीपण हे असं असं झालं," अन् काय झालं ते तारखेसकट सांगा. म्हणून रजिस्टर ठेवायचं, कुठल्या दिवशी काय झालं अन् तुम्ही काय केलं, दोन ओळी. पुढच्या जूनमध्ये निवड चाचणीला ये, सगळ्यांसारखी तुझीपण चाचणी घेईन, हे पोरासमोरच सांगून या.

आणि एक, यावर मी हात जोडून सांगतो. तो पोरगा जे खेळलाय त्याचं प्रमाणपत्र कधीही अडवू नका. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण त्यावर मिळतात, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आहे, गावाकडच्या पोराला तोच एक कागद कामाला येतो. त्याच्याशी तुमचं बोलणं बंद असलं तरी अर्ज भरायची शेवटची तारीख त्याला कळवा, झेरॉक्स घेऊन ये म्हणा, अन् प्रस्ताव सही-शिक्क्यासह पूर्ण करून द्या.